कोवळी लागण, जून लागण

त्या साली कांद्याच्या रोपांना मर लागली. संध्याकाळी वाफ्यात तरतरीत उभी असलेली रोपं सकाळी बघावीत, तर बुडाशी पिवळी पडून आडवी झालेली. ज्यांची रोपं वाचली त्यांना तरी कुठे चैन होती? कालव्याला पाणी राहणार होतं मोजके दिवस, आणि एकदा पाणी आटलं की त्या मातीत बोट शिरत नसे. सगळ्यांना लागण एकदम हवी होती, आणि लागणीला हात असलेल्या बायकांची टोळी होती एकच. म्होरकीची.

म्होरकी हे काही तिचं जन्मनाव नव्हतं, पण जन्मनाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. टोळीत पहिली पात तिची. पात म्हणजे एकेकीने लावत जायचा जमिनीचा पट्टा. ती वाकली की बाकीच्यांनी वाकायचं, ती उठली की पाणी प्यायचं. पन्नाशी गाठली होती, पण कंबर अशी की दिवसभर मोडून ठेवली तरी संध्याकाळी सरळ व्हायची. नवरा बोअर मारणाऱ्या गाडीवर कामाला होता. आज या गावी, उद्या त्या गावी. जमिनीत भोकं पाडता पाडता तो आणखी कुठे कुठे मुक्कामाला असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुणी सांगावं लागत नाही अशा गोष्टी. तो मरून बरीच वर्षं झाली, आणि मेलेल्याचं सगळंच चांगलं असतं या हिशोबाने ती त्याच्याबद्दल चांगलंच बोले. बोलायची वेळच आली, तर.

मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. स्वभावाने गरीब, म्हणजे आई म्हणेल ती पूर्व. आणि सून. लग्नाला दुसरं वर्ष लागलेलं, अंगाने काडी, बोलण्यात कमी, पण हात? तिच्या हातात रोपांची जुडी आली की रोप मातीत कधी गेलं ते डोळ्याला दिसायचं नाही. टोळीतल्या एका बाईने, जिच्या तोंडामुळे तिला सगळे मिरची म्हणत, एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "काकू, सांभाळा बरं. तुमची सून तुमच्या पातीवर येतेय." सगळ्या हसल्या. म्होरकीही हसली. पण ते वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं.

दवाखान्याची गाडी आली ती थेट बांधावर. पाण्याचे दिवस सोडून एकही बाई दवाखान्यात जाणार नाही, हे तिथल्या नर्सताईला कळत होतं. गाडीच्या मागे पडदा लावलेला. आत जायचं, ताईने दिलेला बारीक ब्रश आपला आपण आत फिरवायचा आणि नळीत घालून द्यायचा. गर्भाशयाच्या तोंडाला पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून तपासणी, असं ताई समजावून सांगत होती आणि बायका एकमेकींना कोपर मारून हसत होत्या.

"मावशी, तुम्हाला अंगावरून काही जातं का? पाळी बंद झाल्यावर पुन्हा डाग वगैरे?" ताईने विचारलं.

"छे! आता कसलं काय," म्होरकी म्हणाली. आदल्याच दिवशी तिने आतला कपडा कालव्यात एकटीने धुतला होता.

मग तिने सुनेला दंडाला धरून पुढे ढकललं. "हिचंही बघा."

"हिचं कशाला? आम्ही तिशीच्या पुढच्या बायकांचं घेतो. या वयात नको ते निघतं आणि आपोआप जातं, उगीच जिवाला घोर."

"घ्या हो ताई. वर्ष उलटून गेलं, अजून कूस उजवली नाही. बिघाड कुठे आहे तो कळू तरी दे."

सून मान खाली घालून पडद्याआड गेली. ताईलाही रांग संपवायची होती. तिने नळी घेतली.

ताई पुन्हा आली तेव्हा लागण अर्ध्यावर आली होती. दुपारच्या सुट्टीत बायका डबे सोडून बसल्या होत्या. ताईने लांबूनच हात केला आणि सासू-सून दोघींना झाडाखाली बोलावलं. टोळीचे चावणारे जबडे जागच्या जागी थांबले.

"घाबरू नका," ताई म्हणाली, म्हणजे घाबरायचं हे ठरलं. "एचपीव्ही म्हणून एक विषाणू असतो, त्याची तपासणी होती. तुम्हा दोघींना लागण आहे."

"लागण?" म्होरकीला हसूच आलं. "ती तर रोजच आहे."

ताईही हसली. बाई भली होती, बायकांना कळेल असं बोलायची तिची धडपड असायची. "मग तुमच्याच भाषेत सांगते. हिची लागण कोवळी आहे, नवी. लग्नानंतर सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ मुलींना होते. अंगच तिला उपटून टाकतं, वर्षा-दोन वर्षांत पत्ताही लागत नाही. हिला काही करायचं नाही. तुमची मात्र जून दिसते. कितीतरी वर्षांपूर्वी नवऱ्याकडून आलेली असू शकते. मधली वर्षं दबून राहते, आणि पाळी जायच्या सुमाराला अंगाचा जोर कमी झाला की पुन्हा डोकं वर काढते. ती राहिली तर घात करते. तुम्ही येत्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात यायचं, मी सोबत असेन."

म्होरकीने सगळं ऐकलं. आता ऐकणं आणि कानात जाणं यात फरक असतो. जन्मभर ती लागणीतच वावरली होती, आणि लागणीचा नियम तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कोवळी लागण धोक्याची. तिला पाणी, राखण, मर लागली तर उपटून नांगे भरणं, म्हणजे मेलेल्याच्या जागी दुसरं रोप खोचणं. जून लागण एकदा मुळं धरून बसली की तिच्याकडे ढुंकून बघायचं कारण नाही. ताई शहाणी असेल, पण तिने कधी चिखलात पाय घातला होता? तिला उलटसुलट झालं असणार. हा झाला एक भाग. दुसरा भाग तिने स्वतःलाही नीट सांगितला नाही. तो असा, की इतक्या वर्षांच्या विधवेला ही असली लागण आहे म्हटल्यावर टोळीतली एकही बाई मेलेल्या नवऱ्याचं नाव घेणार नव्हती.

ताई गाडीत बसली. दोघी परत आल्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर.

"काय गं, काय म्हणाली?" मिरचीने विचारलं.

म्होरकीने पाण्याचा तांब्या उचलला, सावकाश चूळ भरली आणि थुंकली. "हिचं निघालंय. घाणेरडं काहीतरी. सासू म्हणून मला बोलावलं, कानावर असावं म्हणून."

सुनेने मान वर केली. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. सासूकडे बघत ती काहीतरी बोलणार, तोच मिरचीने आपला डबा उचलला आणि ती दोन हात पलीकडे सरकून बसली. मग तिच्या पलीकडची सरकली. थोड्या वेळात सुनेच्या भोवती एवढी मोकळी जागा झाली की तिथे एक वाफा निघाला असता.

आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. म्हण जुनी आहे, पण म्होरकीने ती ज्या सफाईने चालवली तशी क्वचितच कुणी चालवली असेल. त्याच दुपारपासून सुनेला शेवटची पात मिळाली. शेवटची पात म्हणजे पाटाच्या कडेची, जिथे पाणी साचून गुडघ्याएवढा गाळ असतो आणि रोप खोचलं की तरंगून वर येतं. तांब्याला तोंड न लावता ओंजळीत पाणी. तेही सगळ्या पिऊन झाल्यावर, आणि ओतणारीने हात उंच धरून. अंघोळीचं पाणी, कपड्यांची दोरी वेगळी.

"पोराच्या अंगाला लागू देऊ नकोस तुझं," म्होरकीने बजावलं आणि तिचं अंथरूण रोपांच्या जाळीच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. शेडमध्ये औषधाचा वास, खाली ओल. मुलगा उंबऱ्यात उभा होता.

"आई, ताईंनी तसं सांगितलंय का? वेगळं झोपायचं म्हणून?"

"मग काय मी मनाने सांगते? बघ बाबा, तुझं शरीर, तुझा जीव. हिने माहेरून काय काय आणलंय ते ही जाणे."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "ताई म्हणाल्या की आपोआप जाईल. आणि त्यांनी आत्याबाईंना पण—"

"आता ताईच्या तोंडात शब्द घाल!" म्होरकी ओरडली. मुलाला भांडण नको होतं. त्याला कधीच भांडण नको असायचं. तो ट्रॅक्टर सुरू करून गेला.

सुनेने आणखी एकदाच प्रयत्न केला. दोघी शेडसमोर बसून रोपांचे शेंडे छाटत होत्या, आजूबाजूला कुणी नव्हतं.

"आत्याबाई, रागावू नका. माझं सोडा. पण ताई म्हणाल्या ते जून लागणीचं होतं, घात करते ते. तुम्ही तेवढं जाऊन या. मी येते सोबत, कुणाला सांगणार नाही."

म्होरकीच्या हातात चिखलाने भरलेली जुडी होती. ती तिने मुळांच्या बाजूने सुनेच्या तोंडावर मारली. एकदा, आणि मग आणखी एकदा. "पुन्हा ते तोंडातून काढलंस तर जीभ हासडून ठेवीन. मला कसली लागण गं? मला? रांड, स्वतःचं माझ्या अंगावर ढकलतेस?"

सुनेच्या दातांत माती गेली होती. तिने ती बोटाने काढली, कपड्याला पुसली आणि खाली पडलेली रोपं गोळा करून पुन्हा छाटायला घेतली. म्होरकीला बरं वाटलं. हे खरं सांगायला हवं, तिला फार बरं वाटलं. घशातला काटा निघाल्यासारखं.

दिलेला आठवडा गेला. ताई शोधत बांधावर आली तेव्हा म्होरकीने लांबून गाडी ओळखली. "म्हणावं, मी गावाला गेले. बरं आहे म्हणावं," असं सुनेला सांगून ती पाटात उतरली आणि गवताच्या आड पालथी पडून राहिली. गार पाणी पोटाखालून वाहत होतं. सुनेचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. "गावाला गेल्यात. बरं आहे त्यांचं." गाडी गेली. म्होरकी उठली तेव्हा तिच्या खालचं पाणी जरासं लालसर होऊन पुढे सरकत होतं. तिने पाय आपटून ते गढूळ केलं.

लागण उरकली, खुरपणी झाली, काढणीही झाली. कमरेतलं दुखणं म्हणजे कामाचं दुखणं, असं ती म्हणायची. वाससुद्धा येऊ लागला. तिने कडू पाल्याचं पाणी घेतलं, कपड्यावर कपडे बांधले आणि घरात वास कुठून येतो म्हणून सुनेलाच दोनदा अंघोळीला पाठवलं. सून जायची. उलटून शब्द नाही. पूर्वी ती कधीतरी मान वर करून बघायची, आताशा तेही नाही. म्होरकीला वाटलं, वळणावर आली.

दुसऱ्या साली लागण लागली तेव्हा पाणी भरपूर होतं आणि रोपंही सोन्यासारखी. म्होरकीने पहिली पात धरली. निम्म्यावर गेली आणि तिचे पाय मांड्यांपासून कापायला लागले. ती चिखलात बसली. बसली ती उठेना. टोळी एका ओळीत थांबून राहिली, कारण ती उठल्याशिवाय पुढे जायची रीत नव्हती.

"काकू, काय झालं?" मिरचीने विचारलं आणि मग तिला बुडाखालचा चिखल दिसला. तिने नाकाला फडका लावला.

सून शेवटच्या पातीवरून वाफे तुडवत आली. तिने सासूला काखेत हात घालून उचललं, बांधावर नेऊन निजवलं. मग परत गेली आणि अर्धी राहिलेली पहिली पात तिने पुढे चालवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही. काम थांबवून कुणाचं पोट भरतं? थोड्याच वेळात सगळ्या तिच्या मागे वाकल्या, आणि बांधावर कुशीवर पडलेल्या म्होरकीला त्यांच्या पाठींची रांग दूर दूर जाताना दिसत राहिली.

मुलाने ट्रॉलीत गोधड्या घालून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. सून सोबत होती. कपडे बदलणं, धुणं, घोटभर चहा पाजणं, सगळं तीच करत होती आणि अशा निगुतीने करत होती की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "नशीब काढलंत हो, अशी सून मिळायला." तपासणीला सुनेचीही नळी पुन्हा घेतली. तिच्यात काही राहिलं नव्हतं. गेली होती लागण, मागमूसही न ठेवता.

म्होरकीचं डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाहेर थांबवून तिलाच सांगितलं. फार पसरलंय. कापून उपयोग नाही, विजेचा शेक देऊ, दुखणं कमी होईल. बरं होईल असं काही त्या म्हणाल्या नाहीत. आणि डॉक्टरीणबाईंच्या मागे ती नर्सताई उभी होती.

"मावशी, हे कसं झालं हो?" ताईचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला शोधत मी दुसऱ्यांदाही आले होते की बांधावर, काढणी चालली होती तेव्हा. तुम्ही नव्हता. तुमची सून म्हणाली, त्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या, तिथे सगळं ठीक निघालं, आता काळजी नाही. म्हणून मी तुमचं नाव सोडलं. तेव्हा आला असतात तर मावशी, एवढंसं कापून काढलं असतं."

ताई गेली. सून खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ओले कपडे पिळत होती. म्होरकीने तिच्याकडे पाहिलं.

"ताई दुसऱ्यांदा आली होती?"

"आली होती."

"मी कुठे होते?"

"घरी. पोटावर विटेचा शेक घेत पडला होतात."

"आणि तू तसं सांगितलंस."

"तुम्हीच शिकवलं होतं ना, बरं आहे म्हणायचं." सुनेने कपडा झटकला, खिडकीच्या गजावर वाळत घातला, सुरकुत्या काढल्या. "पहिल्यांदा तुम्ही सांगितलं म्हणून म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्या मनाने म्हणाले."

म्होरकीच्या तोंडात शिवी आली, पण ती बाहेर ढकलायला छातीत वारा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला या पोरीची भीती वाटली, आणि तिच्याच हातून पाणी प्यायचं आहे हे आठवून आणखी वाटली.

मुलगा आत आला. त्याला बाहेर कुणीतरी अर्धवट काही सांगितलं असावं, चेहरा उतरला होता. तो आईजवळ बसला, तिचा हात हातात घेतला.

"आई, हे त्याच लागणीचं म्हणतात. हिला होती तीच." त्याने बायकोकडे न बघता विचारलं, "हिच्यापासूनच आलं ना तुला?"

सून जागची हलली नाही. ती सासूकडे बघत होती, मान वर करून, सरळ डोळ्यांत. त्या बघण्यात राग नव्हता. एवढंच होतं की ती थांबली आहे.

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. नाही, एवढाच. पण त्या एका शब्दामागून बोअरची गाडी आली असती, झाडाखालची ती दुपार आली असती, शेडमधलं अंथरूण आलं असतं, आणि हा गरीब पोरगा, ज्याच्या डोळ्यांत आई म्हणजे अजून पहिल्या पातीवरची बाई होती, त्याने हात सोडला असता. म्होरकी मरायला तयार होती. हात सुटू द्यायला तयार नव्हती.

"हो," ती म्हणाली. "हिच्यापासूनच."

सुनेने मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. खिडकीवरचा आपला एक फडका काढून घेतला, डोक्याला बांधला, चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?" नवऱ्याने विचारलं.

"लागणीला. उद्या वरच्या मळ्यात टोळी लागायचीय, माझ्यासाठी थांबल्यात सगळ्या."

"आणि आईचं कोण बघणार?"

"माझ्यापासूनच लागलंय म्हणतात ना. मग माझा हात लागलेला कसा चालेल?" ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "तुम्ही आहात की. सारखं बदलावं लागतं. बादली खाटेखाली आहे."

ती गेली. चपलांचा आवाज लांबच्या लांब व्हरांड्यातून जिन्यापर्यंत ऐकू येत होता आणि मग यायचा थांबला.

थोड्या वेळाने म्होरकीला खाली ओल जाणवली. नंतर वास आला. मुलालाही आला असणार, कारण त्याने तिचा हात हळूच खाटेवर ठेवला आणि तो उठला. त्याने चादरीचं टोक धरलं. थोडंसं उचललं. मग तसाच ठेवून भिंतीकडे बघत उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "कुणा बाईला बोलवू का?"

"बोलव."

"कुणाला बोलवू?"

म्होरकी आठवत राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड दुसरीकडे वळवलं होतं.